‘तपासले’च्या चौकटीतली सही

अहो,

परवा पाच आठवडे झाले तुम्हाला जाऊन. लोक सांत्वनाला येतात, मी रडते, तेही रडतात. पण खरं सांगू का, या दिवसांत मी दुःखी कमी आणि तुमच्यावर चिडलेली जास्त होते. मेथीची जुडी आणायला पंचवटीच्या भाजीबाजारात गेलेला माणूस परतच येत नाही, ही काय रीत झाली? दहा वर्षं भर समुद्रात माझ्यासमोर बसलात, लाटा अंगावर घेतल्यात, तिथं काही झालं नाही. आणि घरापासून दोन गल्ल्यांवर, कोरड्या जमिनीवर, भाजीवाल्या बाईच्या पाटीपुढे! मेथी तिनेच घरी आणून दिली. पैसे घेतले नाहीत. ती जुडी तशीच कोपऱ्यात सुकून गेली.

अस्थी रामकुंडात सोडल्या. मीनल म्हणत होती, बाबांना समुद्राचं वेड, समुद्रात सोडू. मी म्हटलं, बाई गं, सगळा देश त्यासाठी गाड्या करून नाशिकला येतो आणि आपण घरचं कुंड सोडून जायचं? तेव्हा तुमच्या वेडापेक्षा मला माझी सोय जास्त कळत होती. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

तेराव्यानंतर सगळ्यांना एकच काळजी लागली, बोटीचं काय? साहजिकच आहे. नाशिकच्या माणसाच्या मागे घर राहतं, गाडी राहते, फार तर द्राक्षाची बाग राहते. तुमच्या मागे कोकणातल्या खाडीत नांगरलेली बत्तीस फुटी पोलादी शिडाची बोट राहिली. मीनल पुण्याला परत जाताना माझ्या शेजारी बसून म्हणाली, “आई, गोव्याचा एक माणूस घ्यायला तयार आहे. चांगला वाटतो. बाबा होते तोवर ठीक होतं, आता तू एकटी काय करणार तिचं? तुला पोहतासुद्धा येत नाही.”

लेक चुकीचं काही बोलत नव्हती. मला पोहता येत नाही. येवल्याच्या पैठणीच्या मागावर अर्धं आयुष्य काढल्यामुळे दोन्ही अंगठे कामातून गेलेत, बरणीचं झाकण उघडत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्या बोटीत मी एकदाही एकटी गेले नव्हते. तुम्ही शंभरदा म्हणालात, मी शंभरदा नाही म्हटलं. तरी मीनलला म्हटलं, “तीन आठवडे थांब. त्या रविवारी ये, मग हो की नाही सांगते.”

ती गेल्यावर तुमच्या बोटीच्या नकाशांची गुंडाळी काढली. एकूण चौतीस कागद. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात खाली चौकट, त्यात दोन रकाने. ‘काढले’, तिथे तुमची ती पल्लेदार सही. ‘तपासले’, तिथे कोरं. चौतीसच्या चौतीस ठिकाणी कोरं.

तुमच्या कारखान्याचा नियम तुम्ही घरातही पाळायचात. विजेच्या पॅनलच्या डब्यांचे नकाशे काढण्यात तीस वर्षं गेली तुमची, पण दुसऱ्याच्या सहीशिवाय एक कागद कामगारांपर्यंत जाऊ दिला नाहीत. काढणारा आणि तपासणारा एक नसावा, कारण ज्याने चूक केली त्याला ती दिसत नाही. बोटीच्या कागदांवर तपासणारी म्हणून तुम्ही मला नेमलंत. मी म्हटलं, “मला काय कळतं त्यातलं?” तर म्हणालात, “तुला बोट कळत नाही, पण बसणं कळतं.” आणि एक अटही घातलीत. सही कधी करायची? तर एकटीने बोट समुद्रात नेऊन परत आणशील तेव्हा.

बसण्याचं प्रकरण तुमच्या पहिल्या कागदापासून सुरू झालं. निवृत्तीला दोन वर्षं होती. जेवणाच्या टेबलावर तुम्ही बोट काढली होती आणि त्यात एक छोटा माणूसही काढला होता. तो सुकाणू सोडून पुढे डोलकाठीपाशी उभा होता. मी पोळ्या ठेवायला आले आणि विचारलं, “हा माणूस उठून तिकडे कशाला गेलाय?”

“शीड उतरवायला. वारा वाढलाय.”

“वारा वाढलाय, बोट हलतेय, सगळं ओलं झालंय, आणि हा उठून चाललाय? आमच्या आप्पांनी बघितलं असतं तर माग उखडून परत बसवायला लावला असता.”

माहेरी माझ्या वडिलांचा, आप्पांचा शिरस्ता तुम्हाला ठाऊक होताच. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलं की धोटा, रेशमाच्या कांड्या, कात्री, पाण्याचा तांब्या, सगळं हात लांबवला की मिळालं पाहिजे. विणणाऱ्याला उठावं लागलं तर चूक विणणाऱ्याची नाही, माग बसवणाऱ्याची. तुम्ही आधी हसलात. मग हसायचे थांबलात. मग खोडरबर घेतलंत आणि त्या माणसाला पुसून सुकाणूपाशी बसवलंत. त्या रात्री सगळे दोर काठीच्या बुंध्यापासून फिरवून मागे, बसल्या जागी आणलेत. कागदाच्या डोक्यावर तुमच्या सरळसोट अक्षरात लिहिलंत, ‘उठावे लागू नये’. बोटीचं नावही त्यातूनच आलं, ‘बैठक’. मला ते नाव मुळीच आवडलं नव्हतं. आता आवडतं.

दोन डोलकाठ्यांवरून मात्र आपलं जुंपलं. तुम्हाला एकच उंच काठी आणि तिच्यावर एक भलंमोठं शीड हवं होतं. पुस्तकं, आकडे, सगळं माझ्यापुढे मांडलंत. मी एवढंच म्हटलं, दोन चादरी एकटी बाई गच्चीवर वाळत घालू शकते, एक सतरंजी वाळत घालायला दोघं लागतात. तुमचा चेहरा असा झाला, जणू मी तुमच्या आईला काही बोलले. आठ दिवस तुम्ही माझ्याशी मीठ आणि आमटी एवढ्यापुरतंच बोललात. नवव्या दिवशी कागदावर मागच्या बाजूला दुसरी छोटी काठी उगवली आणि एका शिडाची तीन झाली, मधलं मोठं, पुढे-मागे दोन छोटी. पुढे लोकांना सांगताना ती तुमचीच कल्पना होती! आणि माझ्यापाशी मात्र शेवटपर्यंत कुरकुर, “तुझ्या चादरींमुळे वेग अर्धा नॉट कमी झाला.” अर्धा नॉट म्हणजे तासाला जेमतेम एक किलोमीटर. तेवढ्या एका किलोमीटरवरून आपण गोव्याला तीनदा आणि कोचीनला एकदा भांडत गेलो. मी कधी कबूल केलं नाही.

गंगापूर धरणावर हलक्या बोटी पळवणारी हौशी मंडळी तुमच्या कागदावरचं वजन बघून हसायची. एवढी जड? ही कधी पोचणार? तुम्ही म्हणायचात, “मला शर्यत लावायची नाही. मला जेवायचंय.” हलकी बोट लाटेवर उड्या मारते आणि आतल्या माणसाची हाडं खिळखिळी होतात, जड बोट लाटेला वाट देते, हे तुम्ही मला मांडी घालून समजावलं होतं.

आणि ती गच्ची! अहो, ती गच्ची मी मेले तरी विसरणार नाही. कारखान्याच्या खोक्यांचं प्लायवूड आणून तुम्ही आपल्या गच्चीवर बोटीची खोली बांधलीत. ओटा, दोन बिछाने, कपाटं, सगळं खऱ्या मापाचं. द्वारका चौकाजवळच्या गॅरेजातून ट्रकचा जॅक आणून ती खोली एका बाजूने उचललीत, कारण शिडाची बोट कललेलीच चालते. मग चार महिने दर शनिवार-रविवार आपला संसार तिरका. मला पट्ट्याने ओट्याला बांधून भाकरी थापायला लावलीत. शेजारच्या सुमनताई त्यांच्या गच्चीवरून बघायच्या. एकदा न राहवून म्हणाल्या, “वहिनी, खाली सरळ घर आहे ना हो तुमचं?”

पण तुम्ही हातात खडू घेऊन माझ्यामागे फिरत होतात. जिथे माझं कोपर आपटलं तिथे फुली, तिथली कड गोल. तोल जाताना हात जिथे आधार शोधत गेला तिथे गोल खूण, तिथे मूठ. माझ्या अंगावर जेवढे काळेनिळे डाग पडले तेवढ्या त्या बोटीत मुठी आहेत. झोपताना मी दोनदा बिछान्यातून घसरले, म्हणून बिछान्याला उंच फळी आली. दोर ओढायच्या चाकाचा दांडा माझ्या अंगठ्यांना धरता येईना, म्हणून तुम्ही लाटण्याएवढा जाड सागवानी दांडा केलात. मला वाटायचं, केवढा हा हट्टी माणूस. आज वाटतं, कुठल्या बाईच्या हाताचं माप कुणी एवढ्या काळजीने घेतलं असेल?

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये बोट तयार झाली आणि ट्रेलरवर चढून निघाली, त्या दिवशी द्वारका चौकात नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी अडली होती. एका रिक्षावाल्याने विचारलं, “काका, कुंभमेळ्यासाठी का?” तुम्ही बिनदिक्कत “हो” म्हणालात. एका बाईने पुढे येऊन बोटीला हळदकुंकू लावलं. घाट उतरेपर्यंत तुमची मान ताठ होती.

ती ताठ मान समुद्रात पहिल्याच दिवशी खिचडीने भरली. आठवतंय ना? तासभर बोट डावीकडे कलून चालली होती आणि सगळं कसं झक्क. भांडं हललं नाही, डबा सरकला नाही. तुम्ही छाती फुगवून म्हणालात, “बघितलंस?” मग आपण वळलो, वारा दुसऱ्या बाजूने आला आणि बोट उजवीकडे कलली. त्यासरशी खिचडीचं पातेलं तुमच्या मांडीवर, मिसळणाचा डबा डोक्यावर, ताटं, वाट्या, बटाटे, सगळं अंगावर. झुलती शेगडी मागच्या फळीला अडकली. कप्प्यांना कड होती ती एकाच बाजूला. हळदीने पिवळ्या झालेल्या तोंडाने तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत आणि ओरडलात, “टाकी!”

मला लगेच कळलं. गच्चीवर त्या खोलीच्या उजव्या अंगाला पाण्याची टाकी होती. खोली त्या बाजूला कलवायला जागाच नव्हती. चार महिने आपण एकाच कुशीवर बोट तपासली होती. जगात ही चूक फक्त आपणच करू शकलो असतो. आपण दोघं खिचडीत बसून इतके हसलो की बोट कुठे चाललीय याचं भान राहिलं नाही. बरं झालं, सुकाणू लक्ष्मणाच्या हातात होतं. वाऱ्याची दिशा धरून आपोआप सुकाणू सांभाळणारं ते यंत्र तुम्ही भंगारातून केलंत आणि न झोपता राखण करतो म्हणून मी त्याला लक्ष्मण म्हटलं. पंचवटीत राहून दुसरं काय नाव ठेवणार?

एक गोष्ट आपण कधी बोललो नाही. चार वर्षांपूर्वी तुमच्या हृदयात ती जाळी बसवली, तेव्हापासून तुम्ही ‘एकटी जा’ म्हणून माझ्या पाठीच लागलात. मी म्हणायचे, दोघं आहोत की. तुम्हाला वाटायचं मी घाबरते. समुद्राला नव्हते हो घाबरत. एकटी गेले असते तर तुमच्या नसण्याची तालीम झाली असती, आणि ती मला करायची नव्हती. तुम्ही लोकांना आरामाची बोट, आरामाची बोट सांगत राहिलात. पण सगळे दोर माझ्या हाताशी, दांडा माझ्या मुठीचा, शिडं माझ्या ताकदीची. भर समुद्रात तुम्हाला काही झालं तर मला एकटीला घरी परत येता यावं, म्हणून ती बोट तशी होती. हे एकदा तरी तोंडाने सांगायचं होतंत. मी भांडले असते, पण सांगायचं होतंत.

तर गेल्या गुरुवारी मी गेले.

बुधवारीच एसटीने खाडीवर पोचले. आपली बोट राखणारे पांडू तांडेल सकाळी धक्क्यावर उभेच. म्हणाले, “वैनी, मी येतो की संगती. गप बसून राहतो.”

मी म्हटलं, “तुम्ही आलात तर सही करता येणार नाही.” त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी दोर सोडून दिला.

सकाळचा मतलई वारा पाठीशी होता. खाडीच्या तोंडाबाहेर इंजिन बंद केलं, कमरेचा पट्टा अडकवला आणि बसले. तुमच्या जागेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. रडले. लक्ष्मण बोट नेत राहिला. दहाच्या सुमाराला किनारा एक निळी रेघ झाला, मग तीही गेली. दुपारी वारा पडला. मी डबा खाल्ला, पाणी प्यायले. तासाभराने वायव्येचा वारा आला आणि आला तो चांगलाच जोरात. बोट डावीकडे कलली. लाटांवर पांढरे तुरे दिसायला लागले, दोर ताणून वाजायला लागले. वाटलं, मीनलचं खरं होतं. वाटलं, म्हाताऱ्या बाईने गच्चीत पापड वाळवावेत.

मग आप्पांची आठवण झाली. उठायचं नाही. हात लांबवला, पहिला दोर सोडला, दुसरा चाकावर घेतला, तो लाटण्याएवढा दांडा दोन्ही तळव्यांत धरून फिरवला. मधलं मोठं शीड खाली आलं आणि आपोआप घडी होऊन पडलं. पुढचं छोटं आणि मागचं छोटं राहिलं. माझ्या दोन चादरी! अहो, बोट अशी शांत झाली, जणू कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवला. वारा तोच, लाटा त्याच, आणि ती तिच्या चालीने चालली होती. मी मोठ्याने हसले. एकटी बाई भर समुद्रात हसतेय, बघायला कोणी नाही.

पण खरी परीक्षा राहिली होती. परत फिरायचं म्हणजे उजव्या कुशीवर कलायचं, टाकीच्या बाजूला. त्या खिचडीनंतर तुम्ही तिकडचं सगळं दुरुस्त केलं होतंत, पण तपासणारीने ते एकटीने तपासलं नव्हतं. मी मुद्दाम आधी चहाचं आधण ठेवलं. पातेलं काठोकाठ नाही, पण भरलेलं. बाहेर येऊन बसले आणि सुकाणू वळवलं. शिडं फडफडली, दुसऱ्या बाजूला गेली, बोट उजवीकडे झुकली. मी आत वाकून बघितलं. शेगडी डुलली आणि सरळ झाली. चहा तसाच उकळत होता. एक थेंब सांडला नाही. तो चहा मी तुमच्या कपात ओतला आणि तुमच्या जागेवर बसून प्यायला.

ऊन उतरायच्या आत खाडीत शिरले. तांडेल धक्क्यावरच होते. दोर झेलत म्हणाले, “दुपारचा वारा चढला तवा जीव खालीवर झाला माझा. म्हटलं आता नानांस्नी काय तोंड दाखवू!” मग बोटीकडे बघून, “बरी केलीय बोट नानांनी. लय बरी केलीय.”

रविवारी मीनल आली. मी जेवणाच्या टेबलावर चौतीस कागद पसरले आणि तिच्यादेखत एकेक करून सह्या केल्या. अंगठे दुखत होते, अक्षर वाकडं आलं, चालायचंच. पहिल्या कागदावर तपासणाऱ्याचा शेरा लाल पेन्सिलीने लिहिला, ‘एकटीने नेली व आणली. दोन्ही कुशींवर तपासली. उठावे लागले नाही.’ मीनलने तो वाचला, पुन्हा वाचला आणि लहानपणी रडायची तशी रडली. मग तिनेच फोन लावून गोव्याच्या माणसाला नाही म्हणून सांगितलं. जाताना दारात थांबून म्हणाली, “आई, पोहायला तरी शीक.” शिकते म्हटलंय. सोमवारपासून जाते.

आता ते राहिलेलं सांगते. सही करताना माझ्या ध्यानात आलं की मी तुम्हाला रामकुंडात सोडलं ते चुकलंच. तुमची बोट पश्चिमेच्या समुद्रात आणि गोदावरी तर पूर्वेला जाते! तुम्ही आपले नाशिक, पैठण, नांदेड करत पार त्या टोकाला, बंगालच्या उपसागराला निघालात. आधी डोक्याला हात लावला. मग तुमचा शाळेपासूनचा तो भारताचा नकाशा उघडला. कोचीनपर्यंतची वाट माहितीचीच आहे. पुढे कन्याकुमारीला वळसा घालायचा आणि किनारा डाव्या हाताला ठेवून वर जायचं. बराच वेळ बोट उजव्या कुशीवर असेल, तर असू दे. पुढच्या हंगामात निघते. तांडेलांना सांगितलंय, मीनलला हळूहळू सांगेन.

तुम्ही सावकाश या. जायकवाडीला अडवतीलच, पाण्याची ती भांडणं तुम्हाला माहिती आहेत, तिथे उगीच वाद घालू नका. गोदावरीच्या मुखापाशी जो आधी पोचेल त्याने थांबायचं. बहुतेक तुम्हीच थांबाल. मला थोडा उशीर होईल. तुमचं बरोबर होतं, अर्धा नॉट कमीच आहे.